'योग्यतम' या कल्पनेची चिकित्सा : महाराष्ट्रातील रक्तसंशोधनाच्या इतिहासाच्या आधारे

सारांश

नैसर्गिक निवडीमुळे सजीवांमध्ये नेहमी सर्वोत्तम गुणधर्मच निर्माण होतात, अशी समजूत सुशिक्षित समाजात सर्वत्र आढळते. 'जो योग्य तोच टिकतो' या सूत्राने ही समजूत दृढ केली. प्रस्तुत लेखात या समजुतीचा उगम, तिचा महाराष्ट्रातील वैचारिक प्रवास आणि १९५२ नंतर महाराष्ट्रात झालेल्या रक्तविषयक संशोधनाने तिला दिलेले उत्तर यांचा परामर्श घेतला आहे. 'बॉम्बे रक्तगट' आणि सिकलसेल ही दोन उदाहरणे त्यासाठी आधारभूत मानली आहेत. नैसर्गिक निवड ही तडजोड घडविणारी, स्थळकाळाने बांधलेली आणि उपलब्ध सामग्रीवरच काम करणारी प्रक्रिया आहे. तिच्या निकालावरून कोणत्याही समाजाची श्रेष्ठता अथवा हीनता ठरविता येत नाही, असा या विवेचनाचा निष्कर्ष आहे.

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील ज्या शास्त्रीय कल्पनांनी विज्ञानाची सीमा ओलांडून समाजकारणात प्रवेश केला, त्यांत नैसर्गिक निवडीच्या सिद्धान्ताचे स्थान अग्रभागी आहे. हा सिद्धान्त लोकांपर्यंत पोहोचला तो मात्र मूळ ग्रंथातील युक्तिवादाच्या रूपाने नव्हे, तर एका सुटसुटीत सूत्राच्या रूपाने. मराठीत तर या सूत्राला 'बळी तो कान पिळी' या जुन्या म्हणीचा आधार आयताच मिळाला. म्हण व्यवहारातील अन्यायाचे वर्णन करते. सूत्राने त्या अन्यायाला निसर्गनियमाची प्रतिष्ठा दिली. त्यामुळे जे टिकले ते उत्तम, जे मागे पडले ते निकृष्ट, असा उलटा तर्क रूढ झाला.

हा तर्क केवळ तात्त्विक चर्चेपुरता राहिला असता तर त्याची दखल घेण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु आजही नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलची तपासणी होते, तेव्हा तपासणीच्या कागदावरील नोंद ही अनेक कुटुंबांना आपल्या रक्तातील 'खोट' वाटते. ही खोट आहे की एका दीर्घ इतिहासाची खूण आहे, हा प्रश्न म्हणूनच इतिहासाचाही आहे.

सूत्राचा उगम आणि डार्विनची भूमिका

चार्ल्स डार्विन यांचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत 'योग्यतमाचा टिकाव' हा शब्दप्रयोग नाही. तो हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८६४ साली आपल्या जीवशास्त्रविषयक ग्रंथात योजला. 'निवड' या शब्दामुळे निसर्ग ही कोणी विचारपूर्वक निवडणारी शक्ती आहे असा वाचकांचा ग्रह होतो, म्हणून त्याऐवजी स्पेन्सर यांचा शब्दप्रयोग स्वीकारावा, असे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६६ साली डार्विन यांना पत्राने सुचविले. डार्विन यांनी १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत तो समाविष्ट केला. एक गैरसमज टाळण्यासाठी स्वीकारलेल्या शब्दाने दुसरा आणि अधिक घातक गैरसमज निर्माण केला, असे या घटनेचे वर्णन करता येईल.

वस्तुतः डार्विन यांची स्वतःची मांडणी बरीच संयत होती. नैसर्गिक निवड सजीवाला परिपूर्ण बनवीत नाही. त्याच प्रदेशात ज्यांच्याशी त्याची स्पर्धा आहे, त्यांच्याइतका किंवा त्यांच्याहून किंचित सरस बनविणे एवढीच तिची मजल असते, असे त्यांनी स्पष्ट केले होते. न्यूझीलंडमधील मूळ वनस्पती व प्राणी आपापसांत तुलना करता पुरेसे अनुकूलित होते, परंतु युरोपातून आलेल्या जातींपुढे ते मागे पडत होते. डंख मारताच स्वतःचे प्राण गमावणारी मधमाशी हे अपूर्णतेचे त्यांनी दिलेले दुसरे उदाहरण होय. थोडक्यात, 'योग्य' हा शब्द डार्विन यांच्या लेखी सापेक्ष होता. लोकव्यवहारात तो निरपेक्ष झाला.

महाराष्ट्रातील वैचारिक प्रवास

महाराष्ट्रात उत्क्रांतीचा विचार रुजला तो प्रामुख्याने स्पेन्सर यांच्या मार्गाने. १८८१ साली सुरू झालेल्या 'केसरी'चे पहिले संपादक आणि १८८८ साली 'सुधारक' काढणारे गोपाळ गणेश आगरकर यांच्यावर मिल आणि स्पेन्सर यांचा प्रभाव होता, हे सर्वविदित आहे. समाज हा स्थिर नसून परिवर्तनशील आहे, कालबाह्य रूढी टाकल्याशिवाय तो टिकणार नाही, असा आगरकरांच्या लेखनाचा रोख होता. म्हणजे उत्क्रांतीची कल्पना त्यांनी सुधारणेच्या बाजूने वापरली.

तथापि हीच कल्पना विरुद्ध बाजूनेही वापरता येत होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समूहांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण तोपर्यंत आनुवंशिकतेच्या नावाने अनेक पिढ्यांवर शिक्का बसला होता. हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मोजमापांवरून जातींची उतरंड वंशाशी जोडण्याचा प्रयत्न केला. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या मोजमापांची फेरतपासणी करून रिस्ले यांचा निष्कर्ष भारताच्या बहुतेक भागांना लागू पडत नसल्याचे दाखविले.

जातिव्यवस्था ही रक्तशुद्धी राखणारी, म्हणून वंशसुधारणेस पोषक अशी व्यवस्था आहे, असा युक्तिवाद विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केला जात होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या, परंतु प्रत्यक्षात होऊ न शकलेल्या भाषणात या युक्तिवादाचा समाचार घेतला. जातिव्यवस्थेने खरोखरच उत्तम वंश निवडला असेल, तर त्याचा परिणाम लोकांच्या शारीरिक क्षमतेत दिसावयास हवा होता. तसा तो दिसत नाही, असा त्यांचा प्रतिवाद होता. 'निवड झाली' असे म्हणणाऱ्यांकडे निवडीच्या परिणामाचा पुरावा मागण्याची ही पद्धत शास्त्रीय आहे. पुढे सोळा वर्षांनी मुंबईच्या प्रयोगशाळेतून जो पुरावा पुढे आला, तो या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

बॉम्बे रक्तगट : निवडीविना टिकलेला गुणधर्म

१९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांच्या इंग्लंडमधील सहकाऱ्यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. मुंबईतील काही व्यक्तींचे रक्त तोपर्यंत ज्ञात असलेल्या ए, बी, एबी आणि ओ यांपैकी कोणत्याच गटाच्या रक्ताशी जुळत नव्हते. ओ गटाच्या तांबड्या पेशींवर जो 'एच' नावाचा मूलभूत प्रतिजन असतो, तोच या व्यक्तींमध्ये नव्हता. उलट त्यांच्या रक्तद्रवात त्याविरुद्ध प्रतिपिंडे होती. त्यामुळे 'सर्वदाता' समजल्या जाणाऱ्या ओ गटाचे रक्तही त्यांना देता येत नव्हते. हाच पुढे जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला गेला. १९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. परळ येथील केईएम रुग्णालयाच्या आवारातील रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्था हे त्याचेच विकसित रूप होय.

या रक्तगटाचे प्रमाण भारतात सुमारे १०,००० व्यक्तींत एक, तर युरोपात सुमारे दहा लाखांत एक इतके सांगितले जाते. भारतातही महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या भागांत तो तुलनेने अधिक आढळतो. उत्क्रांतीच्या दृष्टीने येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. जे टिकते ते उपयुक्त असते, हे गृहीत धरल्यास या गुणधर्माचा उपयोग कोणता? त्याचा कोणताही निश्चित लाभ सिद्ध झालेला नाही. या व्यक्ती एरवी निरोगी आयुष्य जगतात. रक्त देण्याची पद्धत अस्तित्वात येण्यापूर्वी या गुणधर्मामुळे त्यांचे विशेष नुकसान होण्याचेही कारण नव्हते. म्हणजे तो ना लाभदायक होता, ना हानिकारक. निवडीच्या चाळणीतून तो निसटला, एवढेच.

मग पश्चिम भारतात त्याचे प्रमाण अधिक का? याचे उत्तर निवडीत नसून समाजरचनेत शोधावे लागते. हा रक्तगट प्रकट होण्यासाठी संबंधित जनुकाची बदललेली प्रत आई आणि वडील अशा दोघांकडूनही मिळावी लागते. आईवडील एकाच पूर्वजाचे वंशज असतील, तर हा योग वाढतो. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेव्यवस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्रातील मामाच्या मुलीशी होणाऱ्या विवाहाची सविस्तर नोंद केली आहे. जातीअंतर्गत आणि त्यातही मर्यादित वर्तुळात होणाऱ्या विवाहांमुळे लहान लहान समूह शतकानुशतके परस्परांपासून अलग राहिले. अशा लहान समूहात एखादे जनुक केवळ योगायोगाने वाढते अथवा नाहीसे होते. या प्रक्रियेस जनुकीय विचलन असे म्हणतात आणि अमेरिकन शास्त्रज्ञ सिवॉल राइट यांनी तिची गणिती मांडणी केली. १९६८ साली जपानचे मोटू किमुरा यांनी रेणूंच्या पातळीवरील बहुसंख्य बदल हे निवडीच्या दृष्टीने तटस्थ असतात, असा सिद्धान्त मांडला.

त्याच १९६८ साली इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी समान सामाजिक दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. दर्जा समान असूनही या गटांमध्ये जैविक भिन्नता होती. सामाजिक प्रतिष्ठा आणि रक्तातील घटक यांचा मेळ बसत नाही, हे त्यातून दिसून आले. जातीच्या भिंतींनी उत्तम गुणांची निवड केली नाही. त्यांनी योगायोगाने जे हाती आले ते आपापल्या कप्प्यात साठवून ठेवले, असे या संशोधनाच्या प्रकाशात म्हणता येते. आंबेडकरांनी १९३६ साली मागितलेल्या पुराव्याचे हे एक उत्तर होय.

सिकलसेल : निवडीने घडविलेली तडजोड

बॉम्बे रक्तगटाच्या बाबतीत निवड तटस्थ राहिली. सिकलसेलच्या बाबतीत ती पूर्ण ताकदीनिशी कार्यरत होती, तरीही तिने 'उत्तम' असे काही निर्माण केले नाही. म्हणून हे दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे.

१९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात कोयत्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याची नोंद केली. १९४९ साली लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले आणि १९५० च्या दशकात व्हर्नन इंग्रॅम यांनी तो केवळ एका अमिनो आम्लाच्या बदलामुळे होतो हे सिद्ध केले. भारतात १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांना हे जनुक आढळले. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातील, म्हणजे नागपूर परिसरातील सिकलसेलविषयी लेख प्रसिद्ध केला. पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी राज्यातील आदिवासी भागांत अनेक वर्षे सर्वेक्षण केले. त्यांच्या नोंदींनुसार महाराष्ट्रातील विविध आदिवासी समाजांत या जनुकाच्या वाहकांचे प्रमाण शून्यापासून सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत बदलते. भिल्ल, पावरा, माडिया, परधान आणि ओतकर यांच्यात ते २० ते ३५ टक्के आहे.

इतके घातक जनुक इतक्या मोठ्या प्रमाणात कसे टिकले? या कोड्याची किल्ली जे. बी. एस. हाल्डेन यांनी सुचविली. थॅलेसेमियाचे वाहक हिवतापाला अधिक चांगला प्रतिकार करीत असावेत, असे अनुमान त्यांनी १९४९ साली मांडले. १९५४ साली अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून सिकलसेलच्या वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळत असल्याचा पुरावा दिला. हाल्डेन १९५७ साली भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करू लागले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. भारतातील लोकसमूहांचा जनुकीय अभ्यास व्हावा, याचा त्यांनी येथे सातत्याने पुरस्कार केला.

ही यंत्रणा समजून घेण्यासाठी एक काल्पनिक हिशेब उपयुक्त ठरेल. हिवतापग्रस्त प्रदेशात सिकलसेलचे एकच जनुक असलेल्या वाहकाची टिकून राहण्याची व संतती वाढविण्याची क्षमता १ मानू. नेहमीचे हिमोग्लोबिन असलेल्यांपैकी काही हिवतापाला बळी पडतात, म्हणून त्यांची क्षमता ०.९ मानू. दोन्ही पालकांकडून सिकलसेलचे जनुक मिळालेल्यांची क्षमता, उपचार नसलेल्या काळात, शून्य मानू. या स्थितीत सिकलसेलच्या जनुकाचा वाटा वाढत वाढत एक अकरांश, म्हणजे सुमारे ९ टक्के होतो आणि तेथे स्थिरावतो. समाजात सुमारे १६.५ टक्के वाहक असतात आणि दर १,००० जन्मांमागे सुमारे ८ बालके आजारी जन्माला येतात. समाजाची सरासरी क्षमता सुमारे ०.९१ राहते.

या हिशेबातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सर्वांत योग्य ठरलेली अवस्था ही वाहकाची आहे. परंतु सगळा समाज वाहक होऊ शकत नाही. दोन वाहकांच्या अपत्यांत प्रत्येक वेळी चारांत एक आजारी, दोन वाहक आणि एक निर्वाहक अशी शक्यता मेंडेलच्या नियमानुसार पुन्हा निर्माण होते. सर्वोत्तम अवस्था निवडीच्या हाती येते आणि पुढच्याच पिढीत विस्कटते. दुसरी, काही बालकांचा मृत्यू ही इतरांच्या संरक्षणाची किंमत म्हणून सतत मोजली जाते. निवडीला दया नाही, तशी दूरदृष्टीही नाही. तिसरी, हा समतोल समाजासाठी 'उत्तम' नसून केवळ त्या परिस्थितीत 'चालण्याजोगा' आहे.

निवड उपलब्ध सामग्रीवरच काम करते, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. पश्चिम आफ्रिकेत हिमोग्लोबिन 'सी' नावाचा आणखी एक प्रकार आढळतो. त्याची दोन जनुके असणाऱ्यांनाही हिवतापापासून मोठे संरक्षण मिळते आणि त्यामुळे होणारा त्रास सिकलसेलच्या मानाने सौम्य असतो, असे २००१ साली बुर्किना फासोमधील अभ्यासात दिसून आले. म्हणजे अधिक चांगला पर्याय निसर्गात अस्तित्वात आहे. परंतु सातपुड्याच्या अथवा गडचिरोलीच्या जंगलात राहणाऱ्या समाजांत तो रुजलेलाच नाही. निवड त्याला मागवून घेऊ शकत नव्हती. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रान्स्वा जाकोब यांनी १९७७ साली उत्क्रांतीची तुलना नकाशा आखून बांधकाम करणाऱ्या अभियंत्याशी न करता हाताशी असलेल्या वस्तूंतून काम भागविणाऱ्या कारागिराशी केली. मराठीत सांगावयाचे तर निसर्ग नवे वस्त्र विणत नाही, जुन्यालाच ठिगळ लावतो.

भारतातील सिकलसेलच्या उगमाविषयी मतभेद आहेत. १९८६ साली कुलोझिक व सहकाऱ्यांनी अरब-भारतीय प्रकारच्या जनुकाचा उगम आफ्रिकेहून स्वतंत्र असल्याचे प्रतिपादन केले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासाने मात्र सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीचा एकच उगम सुचविला. भारतातील अनेक रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक राहिल्यामुळे आजार तुलनेने सौम्य असतो, असे आढळले आहे. तथापि विदर्भात तीव्र स्वरूपाचे रुग्णही आहेत. म्हणून 'भारतीय सिकलसेल सौम्य' या विधानावर विसंबून उपचारांत शिथिलता आणणे योग्य ठरणार नाही.

बदललेली परिस्थिती आणि मागे राहिलेले जनुक

योग्यता ही परिस्थितीशी बांधलेली असेल, तर परिस्थिती बदलताच तिचा अर्थ बदलला पाहिजे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरवर्षी सुमारे ७.५ कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे ८ लाख लोक त्याने मृत्युमुखी पडत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ साली निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे १ लाखापर्यंत खाली आली. मात्र डासांत कीटकनाशकांविरुद्ध प्रतिकार निर्माण झाला, कार्यक्रमातही शिथिलता आली आणि १९७६ साली रुग्णसंख्या पुन्हा सुमारे ६४ लाखांवर गेली. डासांच्या बाबतीत निवडीने काही वर्षांत जे घडविले, ते मनुष्याच्या बाबतीत अनेक शतकांचे काम असते.

वरील काल्पनिक हिशेब पुढे नेल्यास हे अंतर लक्षात येईल. हिवताप पूर्णपणे नाहीसा झाला आणि आजारी व्यक्तींना कोणताही उपचार मिळाला नाही, असे गृहीत धरले, तरी एक अकरांश असलेला जनुकाचा वाटा निम्मा होण्यास ११ पिढ्या लागतात. पिढी २५ वर्षांची मानल्यास हा काळ सुमारे २७५ वर्षांचा होतो. म्हणजे आजचा मनुष्य कालच्या परिस्थितीशी अनुकूल असे शरीर घेऊन वावरत असतो. 'टिकला म्हणून योग्य' हे विधान फार तर भूतकाळाविषयी खरे असू शकते, वर्तमानाविषयी नव्हे.

स्थलांतराने हा प्रश्न आणखी स्पष्ट होतो. ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्यावरील आगरी-कोळी गावांच्या परिसरात, १९७० साली सिडकोच्या स्थापनेनंतर, नवी मुंबई उभी राहिली. १९९२ साली खाडी ओलांडून वाशीपर्यंत रेल्वे आली आणि नेरूळ-सानपाड्यादरम्यानच्या जुईनगरसारख्या वसाहतींत विदर्भ, खानदेश, मराठवाडा, कोकण तसेच अन्य राज्यांतील कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागली. गडचिरोलीच्या जंगलात ज्या जनुकाने एखाद्या बालकाला हिवतापापासून वाचविले असते, तेच जनुक जुईनगरच्या इमारतीत वाढणाऱ्या बालकाला जवळजवळ कोणताही लाभ देत नाही. वाहक असल्याने त्याचे सहसा नुकसानही होत नाही. जनुक तेच, व्यक्तीही तीच. बदलला तो परिसर. मग हे जनुक 'योग्य' की 'अयोग्य', या प्रश्नाला परिसराचा उल्लेख केल्याशिवाय उत्तरच संभवत नाही. अशा मिश्र वस्तीत विवाहाची जुनी वर्तुळे जितकी सैल होतील, तितका दोन वाहकांची गाठ पडण्याचा अथवा बॉम्बे रक्तगटाची दोन जनुके एकत्र येण्याचा योग कमी होईल. येथेही बदल घडविणारी शक्ती निसर्गाची निवड नसून समाजाचे वर्तन आहे.

सामाजिक परिणाम

ही चर्चा आज महत्त्वाची ठरते ती एका सार्वजनिक कार्यक्रमाच्या संदर्भात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला. २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करणे आणि बाधित भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी करणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश झालेला आहे. तपासणी, समुपदेशन आणि हायड्रॉक्सियुरियासारखे औषध यांमुळे अनेकांचे आयुष्य सुसह्य होऊ शकते, याविषयी दुमत नाही.

परंतु तपासणीबरोबर अर्थही दिला जातो. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हा भेद नीट पोहोचला नाही तर तपासणीचा निकाल विवाहाच्या बाजारात शिक्का बनतो आणि त्याचा पहिला फटका मुलींना बसण्याची भीती असते. अमेरिकेत १९७२ च्या सिकलसेल कायद्यानंतर झालेल्या व्यापक तपासण्यांच्या काळात निरोगी वाहकांनाही नोकरी आणि विमा यांबाबत भेदभाव सहन करावा लागला, हा इतिहास विसरण्याजोगा नाही. 'निसर्ग उत्तम तेच निवडतो' या समजुतीत वाढलेल्या समाजात ज्याच्या रक्तात दोष सापडला, तो निसर्गानेच नाकारलेला, असे मानले जाण्याचा धोका अधिक असतो. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. ज्या समाजांनी पिढ्यानुपिढ्या तीव्र हिवतापाच्या प्रदेशात तग धरला, त्यांच्या तग धरण्याचाच हा दस्तऐवज आहे. त्याची किंमत मात्र आज आजारी बालके मोजत आहेत. ती किंमत कमी करणे हे निसर्गाचे काम नाही, शासनाचे आणि समाजाचे आहे.

निष्कर्ष

१. नैसर्गिक निवड नेहमी सर्वांत योग्य गुणधर्म निर्माण करते, हे विधान डार्विन यांच्या मूळ मांडणीलाही धरून नाही. ते एका सूत्राच्या लोकप्रियतेतून रूढ झाले.

२. बॉम्बे रक्तगटाच्या उदाहरणावरून दिसते की, एखादा गुणधर्म लाभदायक नसतानाही योगायोग आणि अंतर्विवाह यांमुळे टिकू शकतो. टिकाव हा योग्यतेचा पुरावा नव्हे.

३. सिकलसेलच्या उदाहरणावरून दिसते की, निवड प्रभावी असतानाही ती तडजोडच घडविते. आनुवंशिकतेचे नियम, उपलब्ध जनुकांची मर्यादा आणि बदलत्या परिस्थितीच्या मागे पडण्याची अपरिहार्यता, या तीन बंधनांतून तिची सुटका नाही.

४. जातीच्या अथवा जमातीच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेला नैसर्गिक निवडीचा आधार देणे शास्त्रीयदृष्ट्या निराधार आहे. महाराष्ट्रातील १९५२ ते २००२ या पन्नास वर्षांच्या रक्तसंशोधनाचा हा महत्त्वाचा सामाजिक धडा होय.

महाविद्यालयीन अध्यापनात जीवशास्त्राचा प्राध्यापक निवडीचे गणित शिकवितो, इतिहासाचा प्राध्यापक जातिव्यवस्था शिकवितो आणि समाजशास्त्राचा प्राध्यापक विवाहसंस्था शिकवितो. बॉम्बे रक्तगट आणि सिकलसेल हे विषय या तिन्ही वर्गांत शिकविता येण्याजोगे आहेत. ते तसे एकत्र शिकविले गेल्यास 'बळी तो कान पिळी' ही म्हण म्हणजे निसर्गाचा नियम नव्हे, हे विद्यार्थ्यांना आपल्याच राज्याच्या इतिहासातून समजू शकेल. त्यांतील काही विद्यार्थी स्वतः वाहक असतील, हे लक्षात घेता या समजुतीचे मोल परीक्षेतील गुणांहून निश्चितच अधिक आहे.